टॅबमधली पाहुणी

रहांगडाले मॅडम वस्तूंशी बोलत. स्कुटी सुरू झाली नाही, की सीटवर थाप मारून म्हणत, "चाल ना वं बाई, पोरं वाट पाहून राहिले." तुटलेल्या खडूची समजूत काढत, हापशीला दमात घेत. गोंदिया जिल्ह्यात गोरेगाव तालुक्यातल्या आमच्या शाळेत त्या रुजू झाल्या, त्या दिवशी ऑफिसच्या कुलपाला त्यांनी विचारलं, "काऊन जी, रुसले का?" शाळेतला दुसरा शिक्षक मी. मनात म्हटलं, झालं, आता वर्षभर करमणूक. ती चांगली पाच वर्षं चालली, आणि मला कमीच पडली.

इंग्रजी शिकवणारे टॅब शाळेला मिळाले ते त्यांच्याच काळात. टॅबमधली बाई इंग्रजीत प्रश्न विचारायची आणि पोरांनी उत्तर दिलं की टाळ्या वाजवायची. आमची पोरं घरी गोंडी बोलणारी, मराठीसुद्धा शाळेत येऊन शिकलेली. टॅब समोर ठेवला की ओठ शिवून बसत. बाई विचारून विचारून थके आणि पडदा काळा होई. त्यात वरून निरोप आला, की साहेब पाहायला येतील आणि टॅब वापरात नसतील तर ते दुसऱ्या शाळेला जातील. मी तर ते पुसून खोक्यात भरायला घेतले होते.

"ठेवा जी खाली," मॅडम म्हणाल्या. "इतक्या दुरून आली बिचारी. गोंडी येत नाही, मराठी येत नाही. तिच्यासंग कोन बोलन?" मग पोरांकडे वळून म्हणाल्या, "घरी पाहुनी आली तर पयले काय करता?"

"पाय धुवाले पानी देतो," सुकवारो म्हणाली. तिसरीतल्या या मुलीचा आवाज मी तोवर हजेरीपुरताच ऐकला होता.

दुसऱ्या दिवसापासून वर्गात नुसता वेडेपणा सुरू झाला. आधी टॅबसमोर पाण्याचा लोटा ठेवायचा. ते पाणी कुणी टॅबवर ओतू नये म्हणून पहाऱ्याला मी. मग पाहुणीची विचारपूस, तीही तिच्याच भाषेत. लागतील ते शब्द मॅडम पुरवत. बाईने नाव विचारलं, की पोरं ते सांगून तिलाच उलट विचारत, जेवलीस का, धान कसं आहे, बैल बरे आहेत ना. बाईला कळो न कळो, ती आपली टाळ्या वाजवी. पोरं हसून लोळत. मीही लोळायचो, खोटं कशाला बोलू.

साहेब आले. सुकवारोने लोटा पुढे केला. "पाणी आहे माझ्याकडे," म्हणत त्यांनी बाटली दाखवली आणि सरळ इंग्रजीत प्रश्न सुरू केले. एकही पोर तोंड उघडेना. साहेबांच्या कपाळावर आठी, आणि मॅडम पदराआड हसताहेत. मला त्यांचा रागच आला.

"साहेब, बूट काढा जी," त्या म्हणाल्या. "पाय धुतल्याबिगर पाहुन्यासंग बोलत नाही हे लोकं."

"क्या मॅडम, आप भी," साहेब म्हणाले. गोंदिया शहरातले होते ते. पण काढले बिचाऱ्यांनी. एका मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. व्हरांड्यात त्यांच्या पायांवर पाणी पडलं मात्र, सगळा वर्ग एकदम सुटला. हाऊ आर यू, हाऊ इज युवर पॅडी, हाऊ आर युवर बुलक्स, सिट, सर, सिट. साहेब ओल्या पायांनी गरगर फिरून एकेकाला उत्तर देऊ लागले. "माय बुलक्स आर फाइन," असंही ते म्हणाले. त्यांच्या घरी साधी शेळीसुद्धा नसावी.

शेवटी त्यांनी सुकवारोला गमतीने इंग्रजीत विचारलं, मग मी हे टॅब घेऊन जाऊ?

"नो, सर," ती म्हणाली. "शी नॉट ईट."

पाहुणी अजून जेवली नाही, मग अशी उपाशी कशी जाईल, असा त्याचा अर्थ. मी तो सांगायला पुढे झालो, पण साहेबांनी मला हातानेच थांबवलं. मॅडमचं हसू केव्हाच संपलं होतं, आणि डोळे पुसायला आता पदर पुरत नव्हता.

टॅब राहिले. त्याच उन्हाळ्यात मॅडमची बदली झाली. निरोप द्यायला मी फाटकापर्यंत गेलो, पण त्यांना थांबवायला मला सुकवारोसारखं तीन शब्दांचं वाक्यही सुचलं नाही.