बाबांनी मेल्यावर वाचलेली पुस्तकं

माझ्या बाबांनी हयातीत एकही पुस्तक वाचलं नाही. चष्मा होता, पण तो कापसाचे भाव आणि फवारणीच्या डब्यावरच्या सूचना वाचण्यापुरता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्यांच्या वाचनाचा विषय निघणार आहे.

आमच्या गावाला ग्रामपंचायत होती, तिची नगरपंचायत झाली. घरपट्टी वाढली आणि समाजभवनावरची पाटी बदलली. पाटी खिडकीपेक्षा मोठी आहे. आतल्या हॉलमध्ये लग्नं लागतात आणि मागच्या खोलीत वाचनालय आहे. म्हणजे चार लोखंडी कपाटं, डासांवर धूर सोडायची मशीन आणि मंडपवाल्याच्या खुर्च्या. कपाटांना कुलूप. किल्ली ग्रंथपालाकडे, ग्रंथपाल नगरपंचायतीच्या अध्यक्षांचा साळा, आणि साळा बहुतेक वेळ पानठेल्यावर.

माझं झेरॉक्स आणि फ्लेक्सचं दुकान आहे. नगरपंचायत हे माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. वाचनालयाच्या उद्घाटनाचा फ्लेक्सही मीच छापला होता. त्यावर तेरा जणांचे फोटो बसवले आणि पुस्तकाला जागा उरली नाही. त्यामुळे नगरपंचायतीबद्दल माझं तोंड जरा बेतानेच उघडतं, हेही सांगून ठेवतो.

माझी माय सासष्टाव्या वर्षी वाचायला शिकली. समाजभवनात दुपारी साक्षरता वर्ग भरायचा. लग्न असलं की बायांना बाहेर काढायचे, मग त्या पायऱ्यांवर बसून नवरानवरीच्या नावांचा थर्माकोलचा बोर्ड वाचायच्या. परीक्षा झाली, मायला सर्टिफिकेट मिळालं आणि वर्ग बंद पडला. शिकवणारी मुलगी दुसऱ्या गावी गेली.

मायला एकच धास्ती. तिची मोठी बहीण, जिला ती बाई म्हणते, वडनेरला असते. तीही कधीकाळी अशाच वर्गात पास झाली होती. पुढे घरात वाचायला काही नव्हतं, अक्षरं गेली, आता पुन्हा अंगठा लावते. माय म्हणायची, "बाईचं झालं थेच माहं होईन. हातात पुस्तक पाह्यजे."

म्हणून ती वाचनालयात गेली. तीनदा. तिन्ही वेळा ग्रंथपालाने तेच ऐकवलं, "काकू, पुस्तक फाटलं-हरवलं त मले भरून द्या लागते."

"काऊन, मी काय खातो का पुस्तक?"

"तसं नाई, पण तुमचं वय झालं. इसरून जासान."

मी म्हटलं, माय, वर्ध्याहून आणून देतो. तर ती माझ्यावरच उखडली. "इकत काऊन आणतं? कपाटभर पडून हायेत नं. घरपट्टी कोण भरते?" भरतो मीच, पण ते मला त्या वेळी आठवलं नाही.

मग जिल्ह्याहून तपासणी येणार असं कळलं. आदल्या दिवशी ग्रंथपाल दुकानात आला. "भाऊ, उद्या पंधरा वाचक पाह्यजेत. चहा-पोहे हायेत. काकूले घेऊनच येजो, सर्टिफिकेटवाल्या हायेत त्या."

ज्या बाईला तीनदा हाकललं, तिलाच वाचक म्हणून बसवायला निघाला होता. माझ्या जिभेवर पुष्कळ काही आलं. बाहेर पडलं ते एवढंच, "बॅनर लागन का?"

दुसऱ्या दिवशी कपाटं उघडली. आतून उंदरांचा वास आला. पुस्तकांची पानं एकमेकांना चिकटलेली, म्हणजे कोणी कधी उलटलीच नव्हती. मला पोलीस भरतीचं गाइड मिळालं, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, या पोटासकट. मायच्या वाट्याला कोंबडीपालनाचं पुस्तक आलं. तिने एकेक पान नखाने सोडवलं आणि ओठ हलवत वाचायला लागली. पंधरा जणांत खरोखर वाचणारी ती एकटी.

साहेब आले. मायला बघून खूश झाले. "आजी, वाचता येतं?"

"येते."

त्यांनी पुस्तकं दिल्याघेतल्याची नोंदवही तिच्यापुढे सरकवली. "वाचा बरं दोन ओळी."

मायने बोट ठेवलं. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली. तिसरीवर आमचं आडनाव आलं. मग नाव आलं. मग ती थांबली, आणि बोट न उचलता माझ्याकडे वळली.

"बापू, हे त तुहे बाबा हायेत."

बाबांना जाऊन चार वर्षं झाली. वहीप्रमाणे त्यांनी गेल्याच महिन्यात दोन पुस्तकं नेली होती. मायने पान उलटलं. त्याच्या आधीच्या महिन्यात दोन. समोर झोकदार सह्या.

ती रडली वगैरे नाही. साहेबांना म्हणाली, "साहेब, गेलेल्या माणसाले पुस्तक देता. मी त जित्ती हावो. मले काऊन नाई?"

साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही मुलगा ना? वडील वाचनालयात यायचे?"

आता माझी पाळी होती. अध्यक्ष दारात उभे होते. त्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सची ऑर्डर माझ्या खिशात होती. मी म्हटलं, "हो साहेब, वाचनाची फार आवड होती त्यांना. नोंद जरा मागेपुढे झाली असेल."

 ग्रंथपालाने मायच्या हातून कोंबड्यांचं पुस्तक काढून घेतलं, मोजून कपाटात टाकलं, कुलूप लावलं. नंतर पोहे आले. मी खाल्ले. दुसऱ्यांदा घेतले, हे लिहिताना आजही माझी मलाच किळस येते.

साहेबांनी शेरा मारला होता, की मयत वाचकांची नावं कमी करावीत आणि नवसाक्षर महिलांना सभासद करून घ्यावं. मला वाटलं, चला, काम झालं. आठ दिवसांनी गेलो आणि मायच्या नावाने ते कोंबड्यांचं पुस्तक मागितलं.

ग्रंथपालाने वही उघडली. "काकूच्या नावावर दोन पुस्तकं आधीच हायेत भाऊ. थे जमा करा, मंग नवं देतो."

तो थट्टा करत नव्हता. बाबांचं नाव खोडलेलं होतं आणि नव्या पानावर मायचं नाव होतं, समोर दोन पुस्तकं, आणि सही. सफाईदार, एका झटक्यात मारलेली. मायला सही करायला अर्धं मिनिट लागतं. पेन इतकं दाबते की खालच्या पानावर उठते. स्वतःची सही ती एक अख्खा उन्हाळा पाटीवर घोटत होती. बाबांच्या खोट्या सह्या मी पोह्यांबरोबर गिळल्या होत्या. ही घशाखाली उतरेना.

घरी येऊन सांगितलं. माय तुरीच्या शेंगा सोलत होती.

"कोणती दोन नेली म्यां?"

"नाही पाहिलं."

"मंग जा, लिहून आण."

परत गेलो, नावं कागदावर उतरवून आणली. तिने बोट ठेवून दोन्ही नावं वाचली. "अन् सही कशी हाये?"

"चांगली आहे."

"मंग थे माही नोय."

तिने सर्टिफिकेटबरोबर मिळालेली वही काढली. एक पान लिहायला तिला अख्खी दुपार लागली. मी हे पुस्तक नेलं नाही, ते पुस्तक नेलं नाही, मला कोंबडीपालनाचं पाहिजे. खाली सही, दाबून. मग चप्पल घालून माझ्यासोबत दुकानात आली आणि कागद काचेवर ठेवला.

"झेरॉक्स काढ."

"माय, अध्यक्षांचं काम आहे आपल्याकडे."

"हाये नं. कर थेही. पह्यले हे काढ."

"किती?"

"पोहे खाल्ले तेवढ्याईच्या. पंधरा."

मशीन गरम व्हायला मिनिटभर लागतं. ती काउंटरला हात टेकून उभीच होती. मी पंधरा काढल्या. चौदा तिने घेतल्या, पंधरावी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तूबी होता नं तठी. वाच."

तिने त्या घरोघरी दिल्या, एक समाजभवनाच्या दाराला चिकटवली. ती प्रत दुसऱ्या दिवशी दारावर नव्हती, मग मायने दुसरी मागितली आणि मी काढून दिली. अध्यक्षांचा वाढदिवसाचा फ्लेक्स छापून दुकानात भिंतीला टेकवून ठेवला आहे. वाढदिवस होऊन गेला, तो न्यायला कोणी आलं नाही. कोंबड्यांचं पुस्तक अजून कपाटातच आहे, आणि माय दर सोमवारी ते मागायला जाते.