आत शून्य माणसं

मी हट्टी आहे, हे आमच्या घरात कोणीही सांगेल. दापोड्याच्या गोदामांच्या रांगेत एक कोल्ड स्टोरेज आहे, तिथला कॉम्प्युटर मी सांभाळते. रोज खारबावहून येते. तिथल्या वॉचमन काकांशी माझं पहिल्या आठवड्यातच वाजलं.

कारण त्यांची हाक. संध्याकाळी थंड खोलीचं जाडजूड दार लावण्याआधी काका त्यावर मुठीनं तीनदा ठोकायचे, "कोन हाय का आत? असंल त्यानं बोलावं!" असं ओरडायचे आणि तंबाखूची चिमूट मळून होईस्तोवर थांबायचे. त्यांचे वडील भाताचं कोठार लावताना असंच करायचे. बंद दारामागं जीव राहू नये म्हणे. तोवर खोलीतली थंडी बाहेर आणि मॅनेजरची बोलणी मला! एकदा मी चिडून म्हटलं, "काका, या दाराशी प्रत्येक जण कार्ड लावून आत-बाहेर करतो. आत किती माणसं आहेत ते स्क्रीनवर दिसतं. शून्य दिसलं की दार लावा. भिंतींना कसल्या हाका मारताय?"

काका नुसते "बरं" म्हणाले आणि त्या दिवसापासून हाक ऐकू येईनाशी झाली.

मग जुना सर्व्हर बदलला. विंडोज गेलं, लिनक्स आलं. सगळा डेटा हलवला आणि स्क्रीनचा प्रोग्रॅम अडून बसला, हजेरीचं टेबलच, म्हणजे कार्डांच्या नोंदींचा तक्ताच, सापडत नाही म्हणून. टेबल तर समोर होतं! मॅनेजर डोक्यावर उभा, बाहेर गाड्या खोळंबलेल्या. मी फार विचार केला नाही. प्रोग्रॅम मागत होता त्या नावाचं एक टेबल बनवून दिलं, रिकामं. एरर गेली, मॅनेजर गेला, मी चहा प्यायले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कार्ड लावून त्या खोलीत शिरले. मागच्या रॅकमागे थर्मामीटरची वायर सुटली होती, ती पाना घेऊन बसवायला. वाकलेली होते, तेवढ्यात दार लागल्याचा आवाज झाला. मग दिवा गेला. त्याचं बटण बाहेर होतं.

आधी हसूच आलं. चाचपडत दाराशी आले. दार आतून उघडायची दांडी बर्फ धरून बसली होती, हलेना. मोबाईलला रेंज नाही. ओरडले, तर आवाज तोंडातून निघून तिथंच पडल्यासारखा वाटला. आणि त्या काळोखात मला एकदम कळलं, मी काय करून ठेवलंय ते. विंडोजला टेबलाच्या इंग्रजी नावात मोठं अक्षर काय, लहान काय, सगळं सारखंच. लिनक्सला ती दोन वेगळी टेबलं. दाराचं मशीन एकात लिहीत होतं, स्क्रीन दुसरं वाचत होती. माझं रिकामं. म्हणजे तीन दिवस, भर दुपारी वीस माणसं आत राबताना सुद्धा, ती स्क्रीन शून्यच सांगत होती आणि कोणी बघितलं नव्हतं.

बोटं बधिर झाली होती. मी गेले, असंच वाटलं मला. मरणाची भीती नव्हती इतकी, जितकी या गोष्टीची, की बाहेर कुणाच्या लेखी मी आत नव्हतेच. मला शोधणार कोण? मी रडले, खोटं कशाला बोलू.

मग दारावर ठोका पडला. एक. दोन. तीन. पलीकडून बारीक आवाज, "कोन हाय का आत?"

मी हातातला पाना दारावर आपटत सुटले.

मग दार उघडलं, पण हातभरच. काकांनी टॉर्च मारला तो माझ्या तोंडावर नाही, पायांवर. ते भुतासारखे उलटे नाहीत ना हे बघून म्हणाले, "सरळ हायेत. ये भाईर, पोरी."

त्यांच्या मागे स्क्रीनवर शून्य होतं. मी बाहेर येऊन उभी राहिले तरी शून्यच.

"काका, हाक मारायची सोडली होती ना तुम्ही?"

"तू असलीस तर न्हाय मारत, तुला राग येतो," ते म्हणाले. "आज मशीन बोललं आत कोन न्हाय, म्हून दार लावलं. मग तू कुठं दिसली न्हाईस. मला वाटलं, तू घरी गेलीस."