बर्फावर काढलेले दोन फोटो

माझ्या मित्राने एका म्हाताऱ्याला फसवलं आणि ठपका माझ्यावर आला. म्हातारा तो ठपका खरा मानून मेला. एवढंच घडलं. ते कसं घडलं ते मी लिहून ठेवतोय, कारण तोंडी सांगायला गेलो की माझा आवाज चढतो आणि माणसं ऐकायची थांबतात.

मी तेव्हा मिनेसोटाच्या अगदी उत्तरेला राहत होतो. कोल्हापुरात लेथवर हात काळे करून शिकलेला माणूस मी. तिथल्या लोखंडाच्या खाणीत यंत्रदुरुस्तीला लागलो. ऐंशीचं दशक सुरू झालं आणि खाणीने माणसं कमी केली, त्यात मीही गेलो. शिकागोला ये, आपल्या लोकांच्या बाजारात, डेव्हन ॲव्हेन्यूवर, दुकान टाकू, असं हा मित्र म्हणाला होता. मी गेलो नाही. घराच्या गॅरेजमध्येच छोटी इंजिनं दुरुस्त करायला बसलो. चेनसॉ, बर्फावर चालणारी स्नोमोबील आणि हिवाळ्यात ऑगर. ऑगर म्हणजे गोठलेल्या तळ्याला भोक पाडायचं मशीन, माणसाच्या छातीइतकं उंच, वर इंजिन आणि खाली मळसूत्रासारखं पातं. तिकडे हिवाळ्यात अर्धा गाव तळ्यावर असतो, त्यामुळे काम कमी नव्हतं.

म्हातारा त्याचं ऑगर घेऊन आला तेव्हा सत्तरीचा होता. खाणीतच आयुष्य गेलेलं, उजवा खांदा निकामी. इंजिन पार बसलं होतं. मी म्हणालो, "नवीन घ्या." तो म्हणाला, "नवीन घ्यायचं असतं तर तुझ्याकडे कशाला आलो असतो, मेकॅनिक?" शेवटपर्यंत त्याने मला मेकॅनिकच म्हटलं.

त्याच्याबद्दल मी ऐकून होतो. त्या तळ्यात लेक ट्राउट मासे सगळ्यांनाच मिळत, पण बेताचे. हा एकटा माणूस मोठे आणायचा, आणि कुठून ते कुणाला ठाऊक नव्हतं. तळं फार खोल. मधोमध कुठेतरी पाण्याखाली एक खडक वर आलाय, हिवाळ्यात ट्राउट त्याच्या भोवती फिरतात, एवढं सगळे बोलत. पण मैलोन्मैल पसरलेल्या पांढऱ्या पाटावर खडक शोधणार कसा?

मी म्हणालो, "पैसे नकोत. जागा दाखवा."

तो हसला. "माझ्या जावयाला नाही दाखवली."

"जावयाला इंजिन बांधता येतं का?"

ही घासाघीस दोन हिवाळे चालली. ऑगर मी दुरुस्त करायचो, तो ते घेऊन जायचा, पुढच्या महिन्यात पुन्हा आणायचा. शेवटी त्याचा खांदाच माझ्या बाजूने बोलला. अडीच फूट बर्फात भोक पाडणं त्याला जमेना. मग त्याच्या स्वयंपाकघरात, त्याच्या बायकोसमोर, कॉफी पीत सौदा ठरला. सगळी भोकं मी पाडायची. दिवसाला दोघांत मिळून दोनच मासे. उठताना भोकं बर्फाच्या चुऱ्याने बुजवायची. बर्फावर आडोशाला बसायचं खोपटं खडकावर उभं करायचं नाही. ते अर्धा मैल लांब, लोकांना दिसेल असं ठेवायचं. तिसरा माणूस आणायचा नाही. कॅमेरा आणायचा नाही.

"कॅमेरा का नाही?" मी विचारलं.

"दाखवतो, म्हणजे कळेल," तो म्हणाला.

जानेवारीत त्याने मला नेलं. खडक दाखवायची त्याची पद्धत अशी. दक्षिणेला काठावर एका बोटघराचं लाल छप्पर होतं. त्याच्या मागच्या डोंगरात विजेच्या तारांसाठी झाडं तोडून उभी पट्टी काढलेली. छप्पर त्या पट्टीच्या बरोबर खाली आलं की तुम्ही एका रेषेवर आलात. मग त्याच रेषेवर चालत राहायचं, पूर्वेला बघत. तिकडच्या कड्यात गारगोटीचा एक पांढरा डाग होता आणि वर एक वाकलेला पाइन. पाइन डागाच्या डोक्यावर आला की थांबायचं. दोन रेषा जिथे छेदतात तिथे पायाखाली खडक. शिसं बांधलेली दोरी सोडली की पन्नास फुटांवर टेकायची. तीस पावलं बाजूला गेलं की दोरी संपायची पण तळ लागायचा नाही.

कॅमेरा का नको ते मला कळलं.

त्यानंतरचे तीन हिवाळे माझ्या आयुष्यात वेगळे आहेत. मी तापट माणूस. दिवसभर गिऱ्हाइकांशी भांडायचं, बायकोवर ओरडायचं आणि मग पश्चात्ताप करत बसायचं. तळ्यावर तसं होत नसे. उलट्या बादलीवर बसून गळ खाली सोडायचा, हातभर उचलायचा, सोडून द्यायचा. तास जायचे. बर्फ मधेच खालून हुंकारायचा, लांबवर तडा पळत जायचा, म्हातारा मान वर करायचा नाही. ट्राउट गळामागे आला की दोरीत थोडा हलकेपणा येतो. तेव्हा नवशिका थांबतो. "थांबू नकोस, पळव," म्हातारा म्हणायचा. "त्याला संशय आला पाहिजे की जेवण निसटतंय." दोरी भराभर ओढायची आणि मासा खोल अंधारातून मागे पळत वर येऊन झडप घालायचा. राखाडी अंग, त्यावर फिकट ठिपके, दुभागलेली शेपूट. हाताएवढ्याहून मोठा असला तर म्हातारा त्याला भोकात परत सोडायचा. "हा तुझ्या लग्नाच्या आधीचा आहे," म्हणायचा. थंड पाण्यातले मासे फार हळू वाढतात. एक मोठा नेला की त्याची जागा भरायला पंधरा-वीस वर्षं जातात. हे तो शांतपणे सांगायचा, जसं दुसरा कुणी आपल्या शेताची हद्द सांगेल.

चौथ्या हिवाळ्यात मित्र आला.

हॉस्टेलमध्ये आम्ही एका खोलीत राहिलो होतो. तो सिव्हिलचा, शिकागोत रस्त्यांची मोजणी करायचा. दुर्बीण लावून दोन रेषा घ्यायच्या आणि छेद काढायचा, हाच त्याचा धंदा. हे मला माहीत होतं आणि तरी मी विचार केला नाही, ही माझी चूक. ती मी लपवत नाही.

आमच्यात पाहुणा आला की त्याला घरी बसवून आपण निघून जायचं म्हणजे अपमान. त्यातून तो सहाशे मैल गाडी चालवून आलेला. बायको म्हणाली, "मी काय त्यांच्याशी दिवसभर पत्ते खेळू? घेऊन जा बरोबर." मी म्हाताऱ्याकडे गेलो. तो सरळ नाही म्हणाला. मी घासाघीस केली, जशी मी करतो. माझा पाहुणा आहे, भावासारखा आहे, शहरातला माणूस आहे, त्याला ही दिशा काय ती दिशा काय. त्या दिवशीचे दोन्ही मासे तुमचे. म्हातारा शेवटी म्हणाला, "तुझ्या जबाबदारीवर."

आयुष्यात मी बरेच सौदे जिंकले. हा हरायला हवा होता.

त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं, पण हवा स्वच्छ. म्हातारा नेहमीसारखा छप्पर आणि पाइन बघत चालला, मित्र त्याच्या मागे. दुपारी मला एक मासा लागला, बऱ्यापैकी. मित्राने जाकिटातून कॅमेरा काढला.

"ए, नको," मी मराठीत म्हणालो. "म्हाताऱ्याला चालत नाही."

"अरे लेका, आईला पाठव की! कोल्हापुरात कुणी पाहिलंय का असलं? म्हातारीला कळू दे, पोरगा बर्फावर उभा राहून मासे धरतो."

आईचं नाव काढलं आणि मी विरघळलो. परदेशात आपण काहीही केलं तरी त्याचा फोटो घरी गेल्याशिवाय ते केल्यासारखं वाटत नाही. मी म्हाताऱ्याला विचारलं, माझ्या आईसाठी एक फोटो काढू का? त्याने माझ्याकडे पाहिलं. त्यालाही आपल्या आईला दुसऱ्या देशात सोडून यावं लागलं होतं, असं त्याची बायको एकदा म्हणाली होती. "आईसाठी," तो म्हणाला, आणि स्वतः माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

मित्राने एक फोटो काढला. मग म्हणाला, "सूर्य डोळ्यात येतोय रे. दोघं जरा इकडे वळा. हं, अजून थोडे. बास." दुसरा काढला.

महिन्याने शिकागोहून पाकीट आलं, दोन्ही फोटोंच्या प्रती. दुकानात गर्दी होती. बर्फ, मासा, दोन माणसं. बघायचं काय त्यात? मी तसेच आईला पाठवून दिले.

पुढच्या जानेवारीत मित्राचा फोन आला. "यार, या वेळी तुला आणि वहिनींना त्रास नाही. पोरांना घेऊन तळ्यापलीकडच्या लॉजवर उतरतोय, आठवडाभर. मालकाशी दोस्ती झालीये, केबिन तशीच देतो म्हणाला." मला थोडं लागलं, आपलं घर सोडून लॉजवर म्हणून. त्यापलीकडे काही सुचलं नाही. गिऱ्हाइकावर संशय घ्यायची मला सवय होती, मित्रावर नव्हती.

फेब्रुवारीत म्हातारा आणि मी तळ्यावर गेलो. लांबूनच दिसलं. खडकावर लॉजची हिरवी खोपटी होती, चौदा. मी मोजली. त्यांच्या मधे स्नोमोबील, माणसं, बर्फावर पडलेले मासे. एका खोपटाबाहेर मोठे ट्राउट ओळीने टाकले होते, म्हाताऱ्याने परत सोडले असते असे. तो त्या ओळीजवळ थोडा वेळ उभा राहिला. मग मागे वळून चालू लागला.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला. ऑगर बरोबर नव्हतं.

"तीन माणसांना माहीत होतं," तो म्हणाला. "एक मी. एक माझी बायको. ती चाळीस वर्षांत बोलली नाही."

"मी कुणाला सांगितलं नाही."

"तुझ्या जबाबदारीवर, असं मी म्हणालो होतो."

तिथे मी गप्प राहायला हवं होतं. पण खोटं ठरवलं की माझं डोकं फिरतं. मी ओरडलो. माझा शब्द या गावात कुणी मोडलेला पाहिलाय का, विचारलं. इतकी वर्षं फुकट इंजिन बांधून दिलं ते काय, विचारलं. आणि शेवटी म्हणालो, "एका पाण्यातल्या खडकासाठी मला चोर म्हणता? घाला तो खडक चुलीत!"

त्याने टोपी घातली. "मी चोर म्हणालो नाही, मेकॅनिक," म्हणाला, आणि गेला. आम्ही पुन्हा बोललो नाही.

उन्हाळ्यात मी कोल्हापूरला गेलो. आईने ते दोन फोटो लोखंडी कपाटावर शेजारी शेजारी लावून ठेवले होते. चहा देताना म्हणाली, "तुझ्या मागं त्ये लाल छप्पर कसलं रं? देऊळ हाय व्हय? आन वर डोंगराला भांग पाडल्यागत काय केलंय?"

मी कप खाली ठेवला.

पहिल्या फोटोत आमच्या दोघांच्या डोक्यांमधे लाल छप्पर, आणि बरोबर वर ती पट्टी. दुसऱ्यात पांढरा डाग, आणि त्याच्या डोक्यावर वाकलेला पाइन. इतकं नेमकं की मोजून उभं केल्यासारखं. केलंच होतं. आणि सूर्य डोळ्यात येतो म्हणाला होता तो. फोटोत आमची सावली नाही. मासा धरलेल्या माझ्या हाताचीसुद्धा नाही. त्या दिवशी सूर्य नव्हताच.

मी तारीख बदलून लवकर परत आलो. फोटो खिशात होते. म्हाताऱ्याला जाऊन नऊ दिवस झाले होते.

घरून मित्राला फोन केला. आधी तो हसला. मग म्हणाला, "अरे, मी फक्त फोटो दाखवले लॉजवाल्याला. त्याने काढलं शोधून."

"मग आम्हाला वळवलंस कशाला?"

"तू ना, लेका, तसाच राहिलास. तळं काय तुझ्या म्हाताऱ्याच्या बापाचं आहे? सरकारी पाणी आहे ते. एका माशासाठी दोस्ती तोडतोस?"

"तो मला चोर समजून मेला."

"म्हातारी माणसं काहीही समजतात," तो म्हणाला. "वहिनींना दे बघू फोन. त्यांना तरी डोकं आहे." मी फोन ठेवला. आपटला.

मग फोटो घेऊन म्हाताऱ्याच्या बायकोकडे गेलो. त्याच स्वयंपाकघरात बसलो. तिने चष्मा लावून दोन्ही फोटो पाहिले, नवऱ्याचा चेहरा जास्त वेळ. मी सगळं सांगितलं, आवाज न चढवता. ती म्हणाली, "परवानगी तू मागितलीस. फोटो तुझ्या खिशात. सांगतोयसही तूच. ज्याने केलं असं म्हणतोस, तो कुठे आहे?"

तिने फोटो परत दिले. कॉफी विचारली नाही.

म्हणून हे लिहिलं. तळ्याचं नाव मी लिहिलेलं नाही. दिलेला शब्द मी अजून पाळतो. तुझंही नाव लिहिलं नाही, पण हे वाचशील तेव्हा तू कोण ते तुला कळेल. माझ्या वाट्याचं मी कबूल केलंय: तुला नेलं मी, कॅमेरा चालू दिला मी, म्हाताऱ्यावर ओरडलो मी. आता तुझ्या वाट्याचं. मला माफी नको, दोस्तीही नको. ती बाई अजून त्याच घरात राहते, तळ्याच्या धक्क्याजवळ. सहाशे मैल तू फुकटच्या केबिनसाठी आलास, तेवढेच पुन्हा ये. तिच्यासमोर बसून सांग की सूर्य नव्हता.