बॅटरीवरची पेशी

मोरेनिके अडेटोला खोटारडी आहे, असं इबादानच्या आमच्या विद्यापीठात कुणी म्हणालं तर माझं डोकं आजही भणभणतं. तिच्या प्रयोगशाळेला लागूनच माझी खोली. मी जीवरसायन शिकवतो. वीज गेली की अख्खी इमारत शिव्या घालायची आणि ही बाई आतून खुशीत ओरडायची, "गेली एकदाची! जनरेटर लावाल कुणी तर याद राखा!"

उंदराच्या मेंदूची पातळ चकती ती खारट पाण्यात जिवंत ठेवायची. केसाहून बारीक टोकाची काचनळी एकाच पेशीला टेकवायची आणि शेजारच्या पेशीनं धाडलेला विजेचा इशारा पडद्यावर बघायची. तोच इशारा भराभर, पुन्हा पुन्हा दिला की पुढं साध्या इशाऱ्यालाही ती पेशी मोठं उत्तर देते, आणि देतच राहते. "आठवण म्हणजे मुळात हेच," मोरेनिके म्हणायची. पण इशारा एवढासा, की भिंतीतल्या विजेची गुणगुण त्याला गिळून टाकते. म्हणून तिची सगळी यंत्रं ट्रकच्या बॅटऱ्यांवर, आणि टेबलाभोवती कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी.

तर परदेशातल्या एका नियतकालिकानं तिचा शोधनिबंध परत पाठवला. कारण काय, तर रेषा फार स्वच्छ आहेत! असल्या देशात, असल्या विजेवर अशी नोंद मिळणं शक्य नाही. संगणकावर काढलेली दिसते. अरे, भिंतीतली वीज वापरलीच कुणी?

"आंटी, बॅटऱ्यांचं लिहिलं नव्हतंत?" मी विचारलं.

"ते काय लिहायचं? इथं बॅटरीशिवाय कोण जगतो? उद्या म्हणतील, श्वास घेतलात ते लिहिलं नाहीत."

परक्यांचं एक वेळ सोडा. आमचे विभागप्रमुख, प्रोफेसर ओगुनबियी! तिच्याशी चकार शब्द न बोलता त्यांनी प्रयोगशाळेला कुलूप ठोकलं. वर निरोप: शुक्रवारी समितीसमोर करून दाखव, नाही जमलं तर खोली गेली आणि नोकरीही. पंधरा वर्षं याच माणसाला ही बाई रोज वाकून नमस्कार करत आली होती.

शुक्रवारी कुलूप निघालं. मोरेनिकेनं चकती पाण्यात ठेवली, काचनळी पेशीला लावली. पण समितीच्या तिघांसाठी एसी घुरघुरत होता.

"सर, वीज बंद करू द्या."

"या उकाड्यात? यंत्र खरं असेल तर एसीला कशाला भ्यायला हवं?"

पडद्यावरची रेष नुसती थरथरत होती. ओगुनबियी समितीकडे वळले. "बघा. ही थरथर हिच्या निबंधात कुठं आहे? आता कळलं?"

मोरेनिके उठली, भिंतीपाशी गेली आणि मेन स्विच खाली ओढला.

एसी थांबला, दिवे गेले. तिचं यंत्र मात्र बॅटरीवर चालूच होतं. वारा पडल्यावर पाणी निवळतं तशी रेष सपाट झाली. मोरेनिकेनं एक इशारा दिला. रेषेला लहानसा उंचवटा आला. मग भराभर इशारे दिले, थोडा वेळ जाऊ दिला आणि पुन्हा एकच दिला. उंचवटा पहिल्यापेक्षा दुप्पट.

समितीतले म्हातारे डॉक्टर अकांदे खुदकन हसले. "ओगुनबियी, तुझा सदरा भिजला रे, पण हिची रेष कोरडीठाक आहे!"

"बरं, बरं. लावा दिवे," ओगुनबियी म्हणाले.

मोरेनिके स्विचसमोरच उभी राहिली. "आधी लिहा, सर."

"काय लिहू?"

"नोंदी खऱ्या आहेत, असं. आत्ता, इथंच. कुलूप घालताना तुम्ही उद्याची वाट बघितली नाहीत."

"मोरेनिके, मी तुझा वडीलधारा आहे!"

"म्हणून तर पंधरा वर्षं वाकले. ती चूक झाली."

ओगुनबियींचा घाम हनुवटीवरून टपकत होता. शेवटी त्यांनी मोबाईलच्या उजेडात दोन ओळी खरडल्या. मोरेनिकेनं कागद डोळ्यांजवळ धरला.

"हे 'बहुधा' खोडा."

त्यांनी खोडलं. खाली सही केली, अकांदेंनीही केली.

"आता तरी दिवे लावतेस का?"

"नाही," ती म्हणाली आणि स्टूल ओढून पडद्यासमोर बसली. "पेशी जिवंत आहे अजून. मला काम आहे. तुम्ही निघा, सर. आणि दार हळू लावा, टेबल हलतं."