ओढ्याकाठचा साहेब

सिद्धेश्वरच्या कालव्याचा पूल ओलांडला तेव्हा चांगलं उजाडलं होतं आणि सोबतच्या बाया पार पुढं निघून गेल्या होत्या. मागं राहिलो मी आणि उत्तमदादा. माझ्या टाचा उललेल्या, म्हणून मी हळू. उत्तमदादा काहून हळू चालत होते ते मला तेव्हा कळलं नाही. श्रावणातला सोमवार होता. आमच्या गावातून औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला पायी जायची रीत आहे, ज्याला जमेल तो जातो. उत्तमदादा तीन-चार वर्षांपासून श्रावणात दर सोमवारी जातात, तेही अनवाणी. आधी ते इतके देवधर्माचे नव्हते.

मी आशाताई, सरकारी दवाखान्याचं काम घरोघरी बघणारी. आमचं गाव आणि ओढ्याकाठची वाडी माझ्याकडं. वाडीतल्या गोजरबाईंना मागच्या हिवाळ्यात मीच मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नेलं होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा नागनाथ, घरचा नागू, फौजेत होता. चार वर्षांमागं वर लडाखकडं त्याची गाडी दरीत गेली आणि तो गेला. आता वाडीच्या शाळेजवळ त्याचं स्मारक होऊन राहिलं होतं. पोळा झाला की उघडायचं ठरलं होतं. त्या स्मारकाचं मी गावापासूनच बोलत आले होते. गोजरबाईंनी एक काम माझ्यावर टाकलं होतं, त्याचा विषय आता काढला.

"उत्तमदादा, नागूला आणलं त्या दिवशी ओढ्यावर तुमचा बँड होता ना? तिथं मराठी बोलणारा एक साहेब होता म्हणतात गोजरकाकू. त्याच्याच हातानं स्मारक उघडायचं म्हणून हट्ट धरून बसल्या. मला म्हणतात, तू हापिसात हिंडतीस, तू शोध. तुमी बघितला का त्याला?"

उत्तमदादा थांबले. काटा रुतल्यासारखे रस्त्याच्या कडेला बाभळीखाली बसले आणि तळपाय बघू लागले. तळपायात काही नव्हतं.

उत्तमदादांना आमच्या भागात बाजेवाला उत्तम म्हणूनच ओळखतात. वडील सनई वाजवायचे. उत्तमदादांनी ट्रंपेट धरला आणि मुन्नाशेठच्या बँडमध्ये केस पिकेपर्यंत वाजवला. मांडवात सगळ्यात पुढं उभं राहायचं, आणि जेवायचं सगळ्यात शेवटी, मांडवाच्या मागं. त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही, निदान तसं ते म्हणत तरी नसत.

आधी बँडचा ड्रेस लाल होता. मग मुन्नाशेठनं कुठंतरी बघितलं आणि सगळ्यांना मिलिटरी ड्रेस शिवला. गडद हिरवा कोट, पितळी बटणं, छातीवर रंगीत पट्ट्या, पुढं चोच असलेली टोपी. उत्तमदादा पुढं उभे राहणारे, म्हणून त्यांच्या खांद्यावर तीन तारे. कापड जाड, आत अस्तर, खांदे रुंद दिसावेत म्हणून खांद्यात स्पंज. वैशाखातल्या लग्नात दुपारी बाराला हा कोट घालून वरातीपुढं चालायचं. संध्याकाळी मिराबाई, त्यांची बायको, कोट दोरीवर टाकायची तेव्हा पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या असायच्या. एकदा तर वारंग्याच्या बाजूला वरातीतच ते चक्कर येऊन पडले. लोकांना वाटलं पिऊन पडला. त्यांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही, पण तोंडावर पाणी मारून उठले ते मान खाली घालूनच.

आणि पाऊस. पावसात तर त्या कोटाची दशा बघवायची नाही. मुन्नाशेठचा नियम होता की ड्रेसवर छत्री धरायची नाही, प्लास्टिक घ्यायचं नाही. ड्रेस दाखवायला असतो, झाकायला थोडाच, असं त्याचं म्हणणं. स्पंज पाणी प्यायचा आणि कोट दुप्पट जड व्हायचा. बँडमधली पोरं चेष्टा करायची, उत्तममामाचा खांदा पिळा, गावभर चहा होईल. कच्चा हिरवा रंग मानेवर उतरायचा. मिराबाई राखेनं घासायची तरी दोन दिवस जायचा नाही.

वारंगा फाट्यावर झालेली एक गोष्ट ते स्वतःच हसून सांगायचे. लग्न वाजवून परत येताना फाट्यावर टेंपोची वाट बघत ते पावसात उभे होते. सुट्टीवर आलेला एक खरा जवान पेटी घेऊन जीपमधून उतरला. ह्यांना बघून त्यानं टाचा जुळवल्या आणि हात कपाळाकडं नेला. उत्तमदादांनी लगेच काखेतला ट्रंपेट वर करून दाखवला, साहेब, बाजेवाला हाय म्हणाले. तो जवानही हसला आणि त्यानं ह्यांना चहा पाजला. ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकली असेल. अलीकडं मात्र ते ती सांगत नव्हते. बँडही सोडला होता. मुन्नाशेठला सांगितलं की दम लागतो. मी त्यांची छाती तपासायला डॉक्टरांकडं नेते म्हटलं तर टाळत राहिले.

बाभळीखाली बसून त्यांनी जे सांगितलं ते असं.

नागूला आणलं तो भादव्यातला दिवस. चार दिवसांपासून झड लागलेली. फौजेची गाडी वाडीकडं निघाली आणि ओढ्याचा नळ्यांचा पूल पाण्याखाली गेला. गाडी पलीकडं अडकली. अलीकडं सगळी वाडी, आमचं गाव, पोलीस, शाळेची लेकरं. वाडीवाल्यांनी बँड बोलावला होता, देशभक्तीची गाणी वाजवत न्यायचं म्हणून. माणसं ट्रॅक्टर, दोरखंड, जेसीबी ह्यात गुंतली. बँडवाल्यांना कोणी बसा म्हणालं नाही, आणि त्या दिवशी बसणं बरंही दिसलं नसतं. उत्तमदादा जांभळीच्या झाडाशी ताठ उभे राहिले. ट्रंपेट भिजू नये म्हणून कोटाच्या आत घेतलेला. म्हणून तो दिसत नव्हता.

गोजरबाईंना बायांनी ओढ्यापाशी आणलं होतं. पलीकडं पोरगं आहे आणि आपल्याला जाता येत नाही, म्हणून त्या सैरभैर झाल्या होत्या. बायांचे हात सोडवून त्या चालत सुटल्या. तेव्हा डोळ्यांत मोतीबिंदू, वर पावसाचा अंधार. हिरवा कोट, टोपी, खांद्यावर चमकणारं काहीतरी, एवढं त्यांना दिसलं असेल. त्या सरळ उत्तमदादांपुढं येऊन उभ्या राहिल्या.

"साहेब," त्या म्हणाल्या, "माझं लेकरू शेवटाला काई म्हनलं का हो?"

इथं उत्तमदादांनी परत तळपायावरून हात फिरवला. रस्त्यानं एक ऑटो भाविक घेऊन गेला. मी पिशवीतलं पाणी दिलं, ते त्यांनी हातातच धरून ठेवलं.

"म्या काय केलं ताई, म्या सांगितलं. आई म्हणाला. दुसरं काई न्हाई, आई म्हणाला."

आणि तेव्हा ते आपल्या बोलीत नाही, भाषणात बोलतात तसं नीट बोलले होते. साहेब बोलेल तसं. गोजरबाईंनी त्यांच्या छातीवर डोकं टेकलं. भिजलेल्या खांद्यातलं पाणी बाईच्या तोंडावरून ओघळलं. मग त्यांनी ह्यांचे दोन्ही हात धरून आपल्या कपाळाला लावले. तेवढ्यात बाया धावत आल्या आणि त्यांना घेऊन गेल्या. नंतर ट्रॅक्टरनं गाडी काढली. खरे साहेब उतरले, अदबीनं गोजरबाईंशी बोलले, पण हिंदीत. त्यातलं गोजरबाईंना काही कळलं नाही आणि आता त्यांना विचारायचंही काही उरलं नव्हतं. बंदुकांची सलामी झाली. ते जवानही पावसातच उभे होते, त्यांचेही कपडे भिजले होते. उत्तमदादा म्हणाले, त्यांच्या अंगावर भिजलेला ड्रेससुद्धा खरा दिसत होता, माझ्याच्यातून हिरवं पाणी गळून राहिलं होतं.

परतीच्या टेंपोत मुन्नाशेठनं बघितलेलं बोलून दाखवलं. काय बोलणं झालं ते त्याला ठाऊक नव्हतं, नुसते हात धरलेले दिसले होते. क्या साब, आज तो सलामी मिल गई, असं म्हणाला. पोरं हसली. तेव्हापासून बँडमध्ये त्यांचं नाव साब पडलं.

मला आधी राग आला. माणूस गेल्याची खबर घरी सांगायचं काम मलाही पडतं. समोरची बाई आपल्या तोंडाकडं बघत असते तेव्हा काहीतरी गोड सांगावं असं जिभेवर येतं, हे मला माहीत आहे. म्हणून रागात काही बोलले नाही. एवढंच म्हटलं की तुम्ही दया म्हणून बोललात, देव ते बघतो.

"न्हाई," ते म्हणाले. "तुमाला खरं सांगतो. दया नंतर आली. आधी बरं वाटलं."

"बरं वाटलं?" मी विचारलं.

"तिच्या भावाच्या पोरीच्या लग्नात म्या वाजवलं ताई, ह्याच नागूनं माझ्या फुडं नाचून धूळ उडवली होती, येवढुसा होता. तिच्या ओट्याला म्या कधी टेकलो न्हाई. आन् तीच बाई मला साहेब म्हणून राहिली, माझे हात कपाळाला लावून राहिली. फाट्यावर त्या जवानाला म्या चट्कन सांगितलं होतं बाजेवाला हाय म्हणून. हितं तोंड उघडलं तर साहेबच निघाला. पोरगं पलीकडं पेटीत पडलेलं, आन् मला साहेब म्हणल्याचं बरं वाटलं. त्याची लाज वाटती. खोटं बोलल्याची त्याच्यापरीस कमी वाटती."

मग ते उठले. आम्ही चालू लागलो. शेतात सोयाबीन कमरेला आलं होतं, हळदीची पानं भिजलेली होती. भुरभुर चालूच होती, पण त्यांनी डोक्यावर काही घेतलं नाही. मी छत्री पुढं केली तर बाजूला सरकले.

गोजरबाईंनी ते शब्द अख्ख्या वाडीला सांगितले होते. वर्षश्राद्धाला कोणीतरी भाषणात घेतले. आता स्मारकाच्या काळ्या दगडावर तेच कोरायचे होते, नागूच्या नावाखाली, अखेरचा शब्द, आई. दगड आला होता, कोरणारा पुढच्या आठवड्यात येणार होता. गोजरबाईंना वाचता येत नाही. पण मला म्हणाल्या होत्या, आता डोळे आले, अक्षरं बघीन तरी, हात फिरवीन. आणि त्या साहेबाचं तोंड एकदा बघीन. दगडाचं हे सगळं मीच उत्तमदादांना गावापासून सांगत आले होते, आणि ते एकेक पाऊल मागं पडत गेले होते. त्यांचं हळू चालणं मला आत्ता कळलं.

गोजरबाईंचे डोळे आल्यापासून ते वाडीच्या रस्त्यानं जात नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं. बाजाराला लांबच्या वाटेनं जातात. कोट मिराबाईनं धान्याच्या कोठीत घालून ठेवलाय. मुन्नाशेठला परत द्यायचा तर तो दुसऱ्या कोणाच्या अंगावर चढवील, आणि जाळायचा तर हात होत नाही.

मी म्हटलं, राहू द्या. गेलेलं पोरगं आई म्हणालंच असेल. कोणीही म्हणतं. तिला तेवढा आधार आहे, तो काहून काढून घ्यायचा?

ते म्हणाले, तोंडातली गोष्ट होती तवर म्याही तसंच म्हणत होतो. आता दगडावर चालली. दगडावर नागूच्या नावाखाली माझं खोटं राहील. ती गेली, म्या गेलो, तरी शाळेतली लेकरं ते वाचतील.

"आन् तिनं विचारलं तर?" मी म्हटलं. "की उत्तमा, मग माझं लेकरू काय म्हनलं?"

"तर म्हणन, माहीत न्हाई. गाडी दरीत गेली तिथं कोन होतं ऐकायला."

"तिला सोसंल का दादा?"

"त्याचीच भीती हाय," ते म्हणाले. "मला ओट्याखाली उतरवलं तर ते बराबर हाय. पर तिला काई झालं तर."

औंढ्याचं शिखर दिसायला लागलं. मी हात जोडले. उत्तमदादांनी जोडले नाहीत, ते नुसते बघत राहिले. पुढं गेलेल्या बाया वेशीपाशी थांबल्या होत्या, हात करून बोलवत होत्या. नागनाथाच्या दारात जाऊन दरवर्षी हे सगळं बोललो, ते म्हणाले, हितं बोलणं सोपं हाय. नाव सारखं आहे म्हणून की काय, गाभाऱ्यात उतरलो की ते पोरगंच आठवतं. म्हणून आज आत जायचं नाही, बाहेरूनच फिरायचं. उद्या वाडीला जायचं, कोरणारा यायच्या आधी.

मग त्यांनी मला विचारलं की उद्या माझा फेरा वाडीत आहे का. आहे, मी म्हटलं. गोजरबाईंना बीपीची गोळी द्यायची असते.

"तर मग तुमी माझ्या आधी जा," ते म्हणाले. "तिच्याजवळ बसा. म्या कोट घालून येईन, न्हाई तर तिला पटायचं न्हाई. मला बघून ती साहेब म्हणून उठंल, हात जोडंल. तवा म्या बोलायच्या आत तुमी बोला ताई. माझा भरवसा मला न्हाई, तिनं साहेब म्हणलं तर परत तोंड बंद व्हईल. तुमी फकत माझं नाव सांगा तिला. काकू, ह्यो बाजेवाला उत्तम हाय, येवढंच. फुडलं म्या सांगतो."