आत्याबाईंची नाडी

आत्याबाई सकाळी स्वतःची नाडी मोजत असल्या की दारात कोणीही येवो, तोंडातून शब्द काढत नसत. एकदा राजवाड्यावरून कारभारी निरोप घेऊन आले, तेही ओसरीवर तिष्ठत बसले. मोजून झाल्यावर आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "बोलता बोलता मोजलेली नाडी खरी नसते."

मी आईवेगळी, देवासला या आत्याकडेच वाढले. आत्याबाईंचे यजमान गेले आणि पाठोपाठ त्यांना हृदयाचा विकार जडला. संस्थानच्या डॉक्टरांनी नाडी रोज मोजायला सांगितली. आत्याबाईंनी त्याचा नेमच केला. विहिरीवरून आल्या आल्या मोजायची नाही, चहानंतर नाही, रागात तर नाहीच. आधी भिंतीला टेकून स्वस्थ बसायचे, मग मनगटावर तीन बोटे ठेवून, यजमानांच्या घड्याळावर पुरते एक मिनिट. मी एकदा अर्धेच मिनिट मोजून दुप्पट सांगितले, तर म्हणाल्या, "अशाने चूकही दुप्पट होते, पोरी."

पुढे मोतीबिंदूमुळे त्यांना सेकंदकाटा दिसेना आणि मोजणे माझ्याकडे आले. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावले, "बोटांना लागेल तेवढीच सांग. मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस."

माझे लग्न धारला झाले होते. त्यांच्या दुखण्यापायी माझे सासरी जाणे दोनदा लांबले. तिसऱ्यांदा सासूबाईंनी निरोप धाडला की आता आली नाही, तर पुन्हा न्यायला कोणी येणार नाही. निघायच्या सकाळी मी आत्याबाईंच्या मनगटावर बोटे ठेवली. नाडी एकशे बारा होती आणि मध्येच ठोका चुकत होता. बाहेरून टांगेवाला म्हणाला, "बाईसाब, देर हो री है."

"किती?" आत्याबाईंनी विचारले.

"बहात्तर," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या हातावर आपला दुसरा हात ठेवला. "बरं. ये आता. सांभाळून राहा."

नवव्या दिवशी त्या गेल्याची बातमी धारला आली. मी देवासला पोहोचले तेव्हा डॉक्टर भेटायला आले.

"तू गेलीस त्याच दुपारी त्यांनी मला बोलावलं," ते म्हणाले. "मी एकशे दहा सांगितली. त्या म्हणाल्या, पोरीने मोजली बरोबर, सांगितली तेवढी चुकीची. मग धारला काही कळवू नका, असं माझ्याकडून वचन घेतलं."

मला रडू आवरेना. बऱ्याच वेळाने मी विचारले, "मी थांबले असते तर त्या वाचल्या असत्या?"

"वाचल्या नसत्या," डॉक्टर म्हणाले. "पण शेवटी जवळ कोणी नव्हतं, ते झालं नसतं."

खरे सांगितल्याबद्दल मी त्यांना वाकून नमस्कार केला.