हवालदार पगारे आत गेले
नव्वदच्या दशकाच्या अखेरीस माझी पोस्टिंग नाशिकजवळच्या एका जुन्या एअरफील्डवर झाली. दुसऱ्या महायुद्धात राखीव धावपट्टी म्हणून ते बांधलं होतं. आमच्या काळात तिथे लष्कराचे वैमानिक हेलिकॉप्टर शिकत. मी नाईक होतो, क्रॅश टेंडरवर, म्हणजे अपघात झाला तर धावणाऱ्या आगीच्या बंबावर. बंबाचे प्रमुख हवालदार पगारे. नामपूरचे.

रोजचं काम म्हणजे वाट पाहणं. सहाला आग विझवणाऱ्या फोमचा दाब तपासायचा, सातला पहिलं उड्डाण. कुंपणापलीकडे झेंडूचे मळे होते. फुलं तोडणाऱ्या बायकांनी मान वर करून बघणंही सोडून दिलं होतं. दीड वर्षात आम्ही खरी आग पाहिली नव्हती. मला त्याचं बरंच वाटायचं.

त्या दिवशी सव्वानऊला एक चेतक हेलिकॉप्टर उतरत होतं. आत इन्स्ट्रक्टर मेजर आणि शिकाऊ कॅप्टन. जमीन जवळ आली असताना वाऱ्याचा झोत आला, हेलिकॉप्टर कलंडलं. पाती जमिनीला लागून तुकडे उडाले.

रेडिओवर टॉवरचा आवाज आला. "क्रॅश, क्रॅश. रनवेचं पूर्व टोक. आत दोघं."

आम्ही दीड मिनिटात पोचलो. कॅप्टन सरपटत बाहेर आला होता. मेजर पट्ट्यात अडकले होते. इंजिनाजवळ आग लागली होती आणि गवतात इंधन पसरत होतं. 

पगारे म्हणाले, "मी आत जातो. फोम माझ्यावरच मार. थांबू नको."

"उस्ताद, टाकी फुटेल."

"तू शे ना मागे," ते आपल्या अहिराणीत म्हणाले, तू आहेस ना, आणि गेले.

त्यांनी पट्टा कापला. मेजरना बाहेर ढकललं. तेवढ्यात धप्प आवाज झाला आणि जाळ माझ्या अंगावर आला. मी चार पावलं मागे सरलो. फोमचा पाइप हातातच होता, पण फोम मातीत पडत होता. पाच सेकंद असतील, जास्तही असतील. मग मी पुढे गेलो.

मेजर वाचले. पगारे भाजले होते, तिसऱ्या दिवशी मिलिटरी हॉस्पिटलमध्ये वारले.

चौकशी करणाऱ्या साहेबांनी विचारलं, "मागे का सरलास?"

"भीती वाटली, सर."

त्यांनी तसंच लिहून घेतलं. पेन खाली ठेवून म्हणाले, "तू पुढे असतास तरी ते वाचलेच असते असं नाही." मी सॅल्यूट करून बाहेर आलो. त्या वाक्याचा मला आजवर उपयोग झालेला नाही.

रिटायर झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी नामपूरला गेलो. पगारेंच्या बायकोला, वहिनींना, सगळं सांगितलं, ती चार पावलंसुद्धा.  त्यांनी हळूच पगारेंबद्दल विचारलं, "त्या घाबरेल व्हतात का, भाऊ?"

"हो वहिनी," मी म्हणालो. "हातमोजे चढवताना त्यांचे हात कापत होते. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा चढवले आणि गेले."